कोरडा कान

सुपा धरणाच्या पाण्यावर मी दोन हंगाम काम केलं, हे कळलं की बेळगावातले माझे वर्गमित्र एकच प्रश्न विचारतात. "पाण्याखालचं गाव दिसलं काय रे?" नाही दिसलं. मी पाण्यात उतरलोच नाही. मी होडीत बसून पाण्यात उतरणाऱ्यांचे कान बघत होतो. हे सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो आणि तो दुसऱ्या विषयाकडे वळतो.

कामाच्या आठवणी लिहिणारी माणसं तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून घरी बसलेली असतात, हे मला माहीत आहे. माझी नोकरी दोन पावसाळ्यांच्या आगेमागे झाली आणि माझं वय तेवीस. त्यामुळे लिहावं की नाही, हे ठरवण्यातच महिना गेला. शेवटी लिहायला बसलो ते एका कानामुळे. तो कान माझा नाही. तो बाबू वेळीप यांचा डावा कान आहे, आणि त्याचं जे झालं त्यात माझा हात आहे.

आधी काम सांगतो. धरण भरण्यापूर्वी जंगल तोडलं होतं, पण सगळं तुटलं नव्हतं. उतारावरची, ओढ्यातली पुष्कळ झाडं उभीच बुडाली. पाण्याखाली लाकूड लवकर कुजत नाही. ते काढायचं काम एका ठेकेदाराला मिळालं. माणसानं खाली उतरून बुंध्याला तारेचा दोर बांधायचा, करवतीनं कापायचं आणि वर पिंपांच्या तराफ्यावरच्यांनी ओढून घ्यायचं. त्यासाठी पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन चार-पाच पुरुष, म्हणजे पंचवीस-तीस फूट, खोल जाणारी माणसं लागतात. दोघं कारवारहून आले. बाकीचे सहा इथलेच, जोयड्याच्या डोंगरातले आणि रामनगर-हल्याळ भागातले. नदीत पोहणं त्यांना येत होतं, बाकी सगळं शिकवलं.

माझा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा रसायनशास्त्राचा पेपर राहिला होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं, त्यामुळे पेपर 'राहिला' म्हणजे नक्की काय झालं, हे वडिलांना समजावण्यापेक्षा काम धरणं सोपं होतं. कॉलेजात मी प्रथमोपचाराचा आठ दिवसांचा वर्ग केला होता आणि मला इंग्रजी पुस्तक वाचता येत होतं. एवढ्यावर ठेकेदाराच्या मॅनेजरनी मला ठेवून घेतलं. एक लोखंडी पेटी, एक रजिस्टर आणि कानात बघायची बॅटरी हातात आली.

पाणबुड्यांचे प्रमुख होते पेडणेकर सर. नौदलातून निवृत्त झालेले, कारवारचे. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "सर, खाली सगळ्यात धोका कशाचा?" मला वाटलं मगर म्हणतील, दोर तुटण्याचं सांगतील. ते म्हणाले, "माशानं खाल्लेला पाणबुड्या मी आजवर बघितला नाही. कानानं घरी बसवलेले पुष्कळ बघितले. तू कान सांभाळ, बाकी मी बघतो."

आमच्या भागात सगळ्यांनी अनमोड घाट उतरलेला असतो. गोव्याकडं जाताना बस उतरणीला लागली की कानात दडे बसतात. मग आपण आवंढा गिळतो, कानात टक होतं आणि ऐकू यायला लागतं. त्या वेळी पडद्याच्या बाहेर हवेचा दाब वाढलेला असतो आणि आत कमी असतो. नाकाकडून कानाकडं जाणारी एक बारीक नळी असते, ती उघडून आपण आतली हवा बाहेरच्या बरोबरीला आणतो. पाण्यात फरक एवढाच, की अख्खा घाट उतरून जेवढा दाब पडतो तेवढा कमरेइतक्या खोलीत पडतो. म्हणून पाणबुड्यानं हातभर उतरलं की नाक दाबून हळूच फुंकायचं, परत हातभर, परत फुंकायचं. याला आमच्या होडीवर 'कान सोडवणं' म्हणायचे. दुखायच्या आधी सोडवायचा. दुखायला लागल्यावर जोर करून फुंकलं तर पडदा फाटतो, कधी त्याच्याही आतलं काही फुटतं आणि त्याला औषध नसतं. पडसं झालेलं असेल तर नळी सुजलेली असते, ती उघडतच नाही. त्या दिवशी पाण्यात जायचं नाही.

हे मी चार ओळींत लिहिलं. होडीवर ते मी दोन हंगाम रोज सांगत होतो.

यल्लप्पा नावाचा एक गडी होता, हल्याळकडचा, अंगानं रेड्यासारखा. त्याला कधीच पडसं व्हायचं नाही. म्हणजे व्हायचं, पण तो कबूल व्हायचा नाही.

"यल्लप्पा, नाक चोंदलंय तुझं."

"कुठलं चोंदलंय? थांब की जरा."

कमरेची डबी काढून तो तपकिरीची चिमूट ओढायचा आणि होडी हलेल अशा शिंका द्यायचा. "मोज. पाच, सहा, सात. झालं बघ. नाक म्हंजे आता धारवाडचा रस्ता."

तपकिरीनं आतली कातडी आणखी सुजते, हे मी त्याला किती वेळा सांगितलं त्याची गणती नाही. तो उतरायचा आणि पुरुषभर खाली अडकून शिव्या घालत वर यायचा. शिव्या कानडीत असायच्या. वर आल्यावर म्हणायचा, "आज पाणीच कडक हाय."

मी रजिस्टरात त्याच्या नावापुढं 'अपात्र' लिहायचो. त्यावर होडीभर चर्चा व्हायची.

"काय झालं रे यल्लप्पा?"

"कानमास्तरनं नापास केलं."

"स्वतः नापास होऊन आलंय आणि आमाला नापास करूलालंय बघा."

माझं नाव तेव्हापासून कानमास्तर पडलं. मला राग यायचा, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

या सगळ्यांत एकच माणूस असा होता, जो सांगितलेलं ऐकायचा. बाबूमामा. कुळगीच्या पलीकडच्या एका वाडीतले, चाळिशीचे, कमी बोलणारे. पिढ्यान्पिढ्या जंगलात शेती करणारं घर. मध काढायचा नाद. झाडाच्या ढोलीत मधमाश्या आहेत का, हे ते बुंध्याला डावा कान लावून सांगायचे. उजव्या हातानं कोयत्याच्या पाठीनं ठोकायचं, डावा कान सालीला चिकटवायचा. आत पोकळ किती, पोळं कुठपर्यंत, हे त्यांना कळायचं. खाली पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसायचा नाही, आणि हे सालीवर हात फिरवून वर येऊन सांगायचे, "ही मत्ती. बरी हाय. पलीकडचा किंदळ सोडा, आतनं पोकळ हाय, कापूनशान काय गावणार न्हाई." पेडणेकर सरांनी एकदा मुद्दाम तो किंदळ कापायला लावला. आतून पोकळ निघाला. त्यानंतर कुठलं झाड कापायचं, हे बाबूमामा सांगायचे आणि मॅनेजरही गप्प ऐकायचे. जंगलखात्याच्या कामावर आयुष्यभर ज्याला कुणी नावानं हाक मारली नाही, त्याला इथं साहेब लोक 'वेळीप' म्हणून बोलवायचे. त्यांना त्याचं काय वाटायचं, हे ते बोलले नाहीत. पण सकाळी होडीत सगळ्यांच्या आधी तेच बसलेले असायचे.

पहिला घोटाळा टोप्यांचा झाला. खालचं पाणी गार असतं म्हणून डोक्यावर घट्ट रबरी टोपी घालतात. टोपीत कानापाशी हवा अडकू नये म्हणून पेडणेकर सरांनी तापलेल्या सुईनं दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडून दिली होती. भोकातून पाणी आत शिरतं, कानाच्या नळीत भरतं आणि पडद्याला आतबाहेर सारखा दाब मिळतो. एका सोमवारी बघतो तर आठही टोप्यांच्या भोकांवर सायकलच्या ट्यूबची ठिगळं. गोल कापलेली, कडा घासलेल्या, सोल्युशन लावून दाबलेली. इतकं सुबक पंक्चर मी जोयड्याच्या सायकल दुकानातही बघितलं नव्हतं.

"हे कुणी केलं?"

"मी केलं," बाबूमामा म्हणाले. "काल सुट्टी होती न्हवं. टोप्या सगळ्या भोकं पडलेल्या. फाटकी वस्तू अंगावर घालून पाण्यात जाऊ न्हाई."

मी कपाळाला हात लावला. मग वही काढली. जीवशास्त्राच्या जर्नलमध्ये कानाच्या आकृतीला मला दहापैकी नऊ मिळाले होते. तीच आकृती मी त्यांना काढून दाखवली. हा बाहेरचा कान, ही नळी, हा पडदा, ही नाकाकडची नळी.

"म्हणून मामा, पाण्यात असताना कानात पाणी गेलंच पाहिजे."

"कानात पाणी?"

"हो."

"आमची आई म्हणायची, कानात पाणी गेलं की कान वाहतो."

"आईचं बरोबर होतं, पण ती नदीकाठाबद्दल बोलत होती. हे चार पुरुष खाली."

त्यांनी आकृतीकडं बराच वेळ बघितलं. "व्हय," म्हणाले. यल्लप्पा मागून म्हणाला, "मास्तरनं नऊ मार्कांचा कान काढलाय, एक मार्क कुठं सांडला?" सगळे हसले. ठिगळं काढायला मला दोन दिवस लागले, इतकी ती पक्की बसली होती.

आणि इथंच मी चुकलो. बाबूमामांनी 'व्हय' म्हटलं, वही मिटली, माझं काम झालं. त्यांना काय समजलं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या हंगामात, पाणी उतरायला लागल्यावर, बाबूमामांचा डावा कान दुखायला लागला. हा पडद्याचा प्रकार नव्हता. कान सतत ओला राहून आणि त्यात काडेपेटीची काडी फिरवून बाहेरच्या नळीची कातडी सुजली होती. कानाची पाळी धरून ओढली की ते ओठ आवळायचे. मी रजिस्टरात आठ दिवस अपात्र लिहिलं, जोयड्याच्या दवाखान्यातून थेंब आणून दिले आणि सांगितलं, "मामा, कान एकदम कोरडा ठेवायचा. अंघोळीला डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. एक थेंब आत जाता कामा नये."

"व्हय."

आणि त्यांनी तो ठेवला. यल्लप्पासारखे दुसऱ्या दिवशी चोरून पोहताना सापडले नाहीत. पाचव्या दिवशी मी बॅटरी लावून बघितलं तर लाली बरीच उतरली होती. पाळी ओढल्यावर थोडं दुखत होतं.

नेमकं तेव्हाच एका मोठ्या झाडाला दोर लागलेला, अर्धी करवत बसलेली, आणि पुढं कुठून कापायचं यावर खाली गेलेल्या दोघांचं एकमत होईना. मॅनेजर काठावरच्या माझ्या तपासणीच्या शेडमध्ये आले.

"वेळीपला आज एकदा उतरू दे."

"साहेब, तीन दिवस राहिलेत."

"कान बरा दिसतो असं तूच म्हणालास ना?"

"बरा होत आलाय."

"मग? तू डॉक्टर आहेस काय?"

मी डॉक्टर नव्हतो. नापास झालेला विद्यार्थी होतो. दारात बाबूमामा उभे होते, तेही म्हणाले, "जातो मी, मास्तर. दुखत न्हाई आता." त्यांना जायचंच होतं. चार दिवस काठावर बसून दुसऱ्यांनी त्यांच्या झाडाला करवत लावलेली बघणं त्यांना सोसत नव्हतं. पेडणेकर सर पाण्याखाली होते. ते वर येईपर्यंत थांबू, असं मी म्हणू शकलो असतो. नाही म्हणायचं धाडस झालं नाही. म्हणून मी 'पात्र' लिहिलं, आणि मनाला बरं वाटावं म्हणून वर एक वाक्य जोडलं.

"ठीक आहे. पण मामा, कान कोरडाच ठेवा हं."

"व्हय," ते म्हणाले.

पाण्यात जाणाऱ्या माणसाला मी कान कोरडा ठेवायला सांगितलं. होडीवर दुसरा कुणीही असता तर एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून दिलं असतं. मी सांगितलेलं ऐकणारा एकच माणूस होता, आणि मी नेमकं त्यालाच ते सांगितलं.

बाबूमामांच्या पिशवीत मेण असायचं, पोळ्यातलं, कोयत्याच्या मुठीला लावायला. त्यांनी त्याची गोळी हातात मळून मऊ केली, डाव्या कानात दाबून बसवली आणि वरून टोपी चढवली. मी होडीतच होतो. मी टोपीची भोकं तपासली. टोपीखालचा कान तपासला नाही.

मेणानं कान बंद झाला की मेण आणि पडदा यांच्यामध्ये वरची हवा तशीच अडकून राहते. खाली जाताना माणूस नाक दाबून फुंकतो, आतला दाब वाढतो, आणि बाहेर मात्र काहीच वाढत नाही. पडदा आतून बाहेर फुगतो. जितकं फुंकाल तितका फुगतो, आणि वरून पाणी मेणाला आत ढकलत राहतं. बाबूमामांना दोन पुरुषांवर कळ आली. ती जुन्या दुखण्याची समजून त्यांनी शिकवल्याप्रमाणं फुंकलं. कळ वाढली, परत फुंकलं. चार पुरुषांवर कानात काहीतरी फुटलं आणि सगळं फिरायला लागलं. वर कुठं, खाली कुठं, कळेना. त्यांनी बुंध्याला मिठी मारली आणि ते तिथंच थांबले. झाड सोडून धडपडले असते तर आज मी हे लिहीत नसतो. पेडणेकर सरांनी त्यांना धरून हळूहळू वर आणलं.

होडीत घेतल्या घेतल्या ते ओकले. थुंकीत रक्त होतं. होडीची कड घट्ट धरून म्हणत होते, "झाड फिरूलालंय. झाड धरा कुणीतरी."

मी टोपी काढली. मधाचा वास आला. कानात खोलवर पिवळी कड दिसली.

पेडणेकर सरांनी ती बघितली आणि माझ्याकडं बघितलं. "हे काय?"

मला समजलं होतं. मी म्हणालो, "मेण." पुढचं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. यल्लप्पा काडी घेऊन काढायला पुढं सरसावला, त्याच्यावर मात्र मी इतका ओरडलो की त्यानं काडी पाण्यात टाकली.

कंपनीच्या जीपमधून त्यांना बेळगावला नेलं. रामनगर, लोंढा, खानापूर. प्रत्येक वळणाला ते डोळे मिटून घ्यायचे. लोंढ्याच्या पुढं जरा बरं वाटल्यावर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, तू सांगिटल्यागत केलं बघ. एक थेंब आत गेलेला न्हाई."



कानाच्या डॉक्टरांनी मेण काढायला पाऊण तास घेतला. पडदा फाटला होता. चिमट्यासारखा नादकाटा कानाशी वाजवून बघितला तर डाव्या कानाला जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. "पडदा बहुतेक भरून येईल. सहा आठवडे, फार तर तीन महिने. पण आतल्या कानाला धक्का बसलाय की नाही, ते आज सांगता येत नाही. बसला असेल तर ऐकू येणं परत येणार नाही." मग डॉक्टर चिडून म्हणाले, "पाण्यात जाताना कान बंद करायचं कुणी सांगितलं याला?"

"मीच केलं देवा, मीच," बाबूमामा म्हणाले. मी तिथंच उभा होतो. गप्प होतो.

दोन दिवसांनी मॅनेजरनी अपघाताचा कागद माझ्यापुढं ठेवला. कामगारानं आपल्या मनानं कान बंद केला, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझी सही हवी होती. मी तो कागद रात्रभर उशाशी ठेवला नाही की काही मोठा विचार केला नाही. डॉक्टरांसमोर गप्प राहिल्याची लाज ताजी होती, एवढंच. मी त्या वाक्यावर रेघ मारली आणि लिहिलं, की तपासणी करणाऱ्यानं कान कोरडा ठेवायला सांगून पाण्यात जायची परवानगी दिली, आणि तपासणी करणारा मी.

मॅनेजर म्हणाले, "तुला काय पडलंय? तू चार महिन्यांनी कॉलेजला जाणार."

"जाईन की. पण लिहिलंय ते खरं आहे."

"आणि मी सांगितलं, तेही लिहिलंस काय?"

"नाही साहेब. पात्र मी लिहिलं होतं."

त्यांनी मला काढलं नाही. दिवसभर लोकांच्या कानात डोकावणारा दुसरा माणूस त्यांना मिळाला नसता.

त्यानंतर मी सांगायची पद्धत बदलली. सांगून झालं की समोरच्याला म्हणायचं, आता तू मला सांग, मी काय म्हटलं. होडीवर याला फार विरोध झाला. "शाळा लावली काय रे हिथं?" यल्लप्पा विचारायचा. पण त्याला सांगायला लावलं तेव्हा कळलं, की कान सोडवताना हवा कानातून बाहेर निघून जाते अशी त्याची दीड वर्षं समजूत होती. म्हणून तो जोरात फुंकायचा. दीड वर्षं मी त्याला हट्टी समजत होतो.

बाबूमामांच्या वाडीवर मी दर आठवड्याला जायचो. पहिल्या खेपेस अंगणात पाऊल ठेवतो तर बाबूमामांच्या बायको, मी त्यांना काकू म्हणायचो, लसूण घालून तेल कढवत होत्या.

"कशाला हे?"

"कानात सोडायला. पांढरं फटक पडलंय बघा तोंड, कान गार झालाय म्हणून."

मी ते तेल अक्षरशः हातातून काढून घेतलं. मग पुन्हा आकृती, पुन्हा पडदा, पडद्याला भोक, भोकातून तेल कुठं जाईल. मग काकूंना म्हटलं, "आता तुम्ही मला सांगा." त्या म्हणाल्या, "घराच्या कौलाला भोक पडलंय, आणि मी वरनं तेल वतूलालोय." मला दहापैकी नऊ मार्क देणाऱ्या बाईंनीसुद्धा इतकं सोपं सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मी बाबूमामांना म्हणालो, "मामा, चूक माझी होती. मी उलटं सांगितलं."

"तुझी कशी? मेण माझं," ते म्हणाले आणि उजवा कान माझ्याकडं वळवून बसले.

तीन महिन्यांनी पडदा भरून आला. बेळगावला ऐकण्याची तपासणी करायला मीच घेऊन गेलो. कानावर यंत्र लावतात, बारीक आवाज येतो, आला की बटण दाबायचं. बाबूमामांनी बटण सोडलंच नाही. डॉक्टरांनी यंत्र बंद केलं तरी हे दाबतच होते.

"मामा, आवाज आला तरच दाबायचं."

"सगळे येतात आवाज. पास करा म्हणावं."

डॉक्टरांनी हात टेकले. "पेशंट उत्तरं नीट देत नाही, ऐकू किती येतं ते सांगता येत नाही," असं त्यांनी लिहून दिलं. खाली आणखी एक ओळ होती. पडदा पातळ आहे, पुन्हा पाण्याच्या दाबाखाली जायचं नाही.

त्याच आठवड्यात बाबूमामा सकाळी सगळ्यांच्या आधी होडीत येऊन बसले. टोपी धुऊन आणलेली. मी चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "कागद र्‍हाऊ दे. तू बघ. तू बोल."

टिकटिक ऐकू येते का बघायला मी घड्याळ काढून त्यांच्या डाव्या बाजूला मागून नेलं. "आलं," म्हणाले. घड्याळ तेव्हा माझ्या खिशात परत गेलं होतं.

मॅनेजर काठावर होते. म्हणाले, "बघ बाबा, तूच ठरव." या वेळी त्यांनी अजिबात आग्रह केला नाही, तेही मला आवडलं नाही. मी रजिस्टर उघडलं आणि 'कायमचे अपात्र' लिहिलं. मग नियमाप्रमाणं म्हणालो, "मामा, मी काय लिहिलं ते तुम्ही मला सांगा."

बाबूमामांनी टोपी फळीवर ठेवली. "सांगतो की. तुझ्या पयल्या सांगण्यानं माझा कान गेला. ह्या सांगण्यानं काम गेलं. बरोबर काय, मास्तर?"

यल्लप्पा दोराची गाठ सोडत बसला. मी म्हणालो, "बरोबर." ते उतरून गेले. त्यानंतर मी दोनदा वाडीवर गेलो. दोन्ही वेळा काकूंनी चहा दिला आणि ते रानात गेलेत म्हणून सांगितलं. एकदा त्यांच्या चपला दारातच होत्या.

हंगाम संपला. मी रसायनशास्त्राचा फॉर्म भरला. त्या कानानं ऐकू येतं की नाही, हे कळायला मला काही मार्ग उरला नव्हता. यल्लप्पा म्हणायचा, बाबू आता झाडाला उजवा कान लावतो. दुसरा म्हणायचा, डावाच लावतो, मी बघितलंय. या दोघांच्या शब्दावर मी काय विश्वास ठेवणार?

जूनच्या आधी रहिवासी दाखल्यासाठी जोयड्याला तहसीलदार कचेरीत गेलो होतो. साहेब जेवायला गेले होते, म्हणून बाहेर येऊन उभा राहिलो. समोर भाताची गिरणी चालू होती. गिरणीच्या खिडकीखाली पोत्यावर बाबूमामा बसले होते. उजवी बाजू खिडकीला लागलेली, आतलं इंजिन त्या कानाशी धडधडत होतं. डावी बाजू रस्त्याकडं, माझ्याकडं.

मी जवळ गेलो. मोठ्यानं हाक मारायचा धीर झाला नाही. चार हातांवरून हळूच म्हणालो, "बाबूमामा."

ते हलले नाहीत. समोर बघत राहिले.

म्हणजे गेलाच तो कान. मी नाइलाजानं पोत्यांना वळसा घालून पुढून उजव्या बाजूला गेलो. इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडलो, "बाबूमामा!"

त्यांनी मान वर केली.

"वरडूलालैस कशाला? पयल्या हाकंलाच आयकलं की."

आणि पोतं खांद्यावर टाकून ते वाडीकडं जाणाऱ्या जीपकडं चालायला लागले.